उस्मानी चांदी ओळखायची कशी आणि मोल ठरवायचं कसं: नवख्यांसाठी

इस्तंबूलच्या सहलीत कपालीचार्शी या छताखालच्या जुन्या बाजाराच्या गल्ल्यांतून फिरताना, लंडन-दुबईच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत किंवा ऑनलाइन लिलावात ‘ऑटोमन सिल्व्हर’, म्हणजे तुर्की सुलतानांच्या उस्मानी साम्राज्यातली चांदी, अशी चिठ्ठी लावलेली गुलाबदाणी, आरसा, कॉफीच्या पेल्याचं जाळीदार वेष्टन दिसतं. नक्षी बघून जीव भाळतो आणि दुकानदार सांगेल तो काळ आपण खरा मानतो. पुढे जे लिहिलंय ते अशा पहिल्या खरेदीच्या आधी वाचायचं. वस्तू हातात आली की काय, कोणत्या क्रमाने बघायचं, ते त्यात आहे. क्रम महत्त्वाचा, कारण बहुतेक जण नक्षीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

आधी वस्तू पालथी घाला

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, बारीक टॉर्च आणि 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा ठेवा. एवढ्यावर बरंच काम भागतं.

तळाला, कडेला, मुठीपाशी किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला तीन खुणा शोधायच्या. पहिली तुघ्रा, म्हणजे सुलतानाची राजमुद्रा. उस्मानी साम्राज्यात कस तपासून मंजूर झालेल्या चांदीवर ती ठोकत. दुसरा ‘सह’ हा छोटा शिक्का: ‘साद’ आणि ‘हे’ ही दोन अरबी अक्षरं जोडलेली, उजवीकडे आडवं लांबट वेटोळं आणि डावीकडे खाली वळलेलं पोट. ‘बरोबर आहे’ अशी ती पारख्याची ग्वाही. तिसरी खूण नवख्यांना ओरखडा वाटते: तळावर खरवडलेली नागमोडी रेघ. तिला तिथे चेश्नी म्हणतात. पारख्याने कस काढायला तेवढा चांदीचा कीस काढून घेतलेला असतो. अशी नागमोडी रेघ ऑस्ट्रिया-जर्मनीकडच्या जुन्या चांदीवरही असते, त्यामुळे ती एकटी दिसली तर हुरळून जाऊ नका. तुघ्रा, सह आणि चेश्नी तिन्ही एकत्र असतील तर पुढे बोलायला हरकत नाही.

तुघ्रा ओळखणं सोपं आहे, वाचणं कठीण. खाली अक्षरांचा रचलेला ढीग, त्यातून वर गेलेले तीन उभे दांडे, डावीकडे एकात एक अशी दोन मोठी अंडाकृती वेटोळी आणि उजवीकडे बाहेर पडलेले दोन हात. प्रत्येक सुलतानाच्या तुघ्रेत त्याचं नाव, बापाचं नाव आणि ‘सदा विजयी’ अशा अर्थाचे शब्द असतात. म्हणूनच तुघ्रेवरून कारकीर्द ठरते, आणि कारकिर्दीवरून काळ. बाजारात ज्यांच्या शिक्क्याच्या वस्तू भेटतात ते सुलतान थोडकेच: महमूद दुसरा (1808–1839), अब्दुलमजीद (1839–1861), अब्दुलअझीझ (1861–1876), अब्दुलहमीद दुसरा (1876–1909) आणि मेहमेद पाचवा (1909–1918). मधे 1876 मध्ये मुराद पाचवा जेमतेम तीन महिने गादीवर होता. त्याची तुघ्रा कुणी दाखवली तर आधी शंका घ्या, आनंद नंतर.

काही मिलिमीटरच्या शिक्क्यात अक्षरं कुठून लागणार? त्यातून अब्दुलमजीद, अब्दुलअझीझ, अब्दुलहमीद ही तिन्ही नावं सुरुवातीला सारखीच. यावर चांगला उपाय म्हणजे त्या सुलतानांची चांदीची नाणी. त्यांवर तीच तुघ्रा मोठी आणि स्वच्छ दिसते. नाण्यांची छायाचित्रं फोनमध्ये कारकिर्दीनुसार लावून ठेवा आणि शिक्क्याशी ताडून बघा: वेटोळ्यांची रुंदी, दांड्यांची उंची, उजव्या बाजूची मोकळी जागा. महमूद दुसऱ्याच्या तुघ्रेशेजारी उजवीकडे ‘अदली’ हे त्याचं बिरुद असतं. अब्दुलहमीद दुसऱ्याच्या नाण्यांवर 1882 च्या सुमारापासून तिथे ‘अल-गाझी’ येतं, त्याआधी फूल असतं. मेहमेद पाचव्याच्या नाण्यांवर आधी ‘रेशाद’, नंतर ‘अल-गाझी’. एक मात्र लक्षात असू द्या: नाण्यावर छापलेलं हिजरी वर्ष राज्यारोहणाचं असतं. अब्दुलहमीदच्या नाण्यावर 1293 दिसलं म्हणजे ते नाणं 1876 मध्येच पाडलं असं नाही.

आणखी एक गल्लत. वस्तूच्या दर्शनी भागावर मोठी, ठसठशीत कोरलेली तुघ्रा म्हणजे कसाचा शिक्का नव्हे, ती सजावट आहे. ती पितळेवरही कोरता येते, आजही कोरतात.

आकडे वाचताना मराठी डोळा फसतो

जुन्या भांड्याच्या तळाशी बरेचदा वजन किंवा साल अरबी आकड्यांत खरडलेलं असतं. देवनागरी आकड्यांची सवय असलेल्या माणसाला यात तीन खड्डे आहेत. अरबी 5 हा छोटा गोल असतो, तो आपल्याला शून्य वाटतो (तिथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका). अरबी 9 हा बराचसा आपल्या एकासारखा दिसतो. आणि अरबी 4 आपल्या सहासारखा. शिवाय त्यांचा 6 आपण शाळेत शिकलेल्या इंग्रजी सातासारखा, 7 म्हणजे वर उघडलेलं तोंड आणि 8 म्हणजे तेच उलटं, टोपीसारखं. आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे, यात मात्र बदल नाही.

याने फरक किती पडतो ते बघा. वजन दिरहममध्ये लिहीत. एक दिरहम सुमारे 3.207 ग्रॅम, आणि 400 दिरहमचा एक ओक्का, म्हणजे साधारण 1.28 किलो. समजा, झाकणाच्या साखरदाणीच्या तळाशी 145 खरडलंय. घाईत आपण ते 160 वाचतो, म्हणजे 513 ग्रॅम. काट्यावर वस्तू भरते 463. मग वाटतं, पन्नास ग्रॅम गेले कुठे? कुठला तरी भाग हरवलाय, भाव पाडा. नीट वाचलं तर 145 दिरहम म्हणजे 465 ग्रॅम होतात. दीड-दोन ग्रॅम दीडशे वर्षांच्या घासण्यात गेले. वस्तू पूर्ण आहे, आणि तो आकडा याच भांड्याचा आहे याचा हा भक्कम पुरावा. खरडलेलं वजन आणि आजचं वजन जुळणं याइतकी स्वस्त आणि चांगली तपासणी दुसरी नाही.

साल असेल तर हिजरी वर्षाला 0.97 ने गुणून 622 मिळवा, एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी सन मिळतो. 1293 चे होतात 1876. काही ठिकाणी सरकारी आर्थिक वर्षाचं, म्हणजे रूमी कालगणनेचं साल असतं. त्यात 584 मिळवायचे. तुघ्रा आणि साल एकमेकांशी पटलं पाहिजे: महमूद दुसऱ्याची तुघ्रा आणि 1290 चं साल एकत्र आलं तर साल नंतर कोरलंय. नंतरच्या मालकाने भेट देताना कोरलं असेल तर गुन्हा नाही, पण दुकानदाराने ते आपणहून सांगायला हवं होतं.

चांदी आहे का, हे ठरवणं

चुंबकावर फार विसंबू नका. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही (नावात चांदी असलेला, पण चांदी नसलेला पांढरा मिश्रधातू) चिकटत नाही. आम्लाचा थेंब टाकायला देऊ नका, डाग कायमचा राहतो. घरच्या घरी करण्यासारखी परीक्षा पाण्याची आहे. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. वस्तू बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. बुडबुडे झटकून टाका. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर त्या वस्तूचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. 62 ग्रॅमचं वेष्टन पाण्यात 6 दाखवत असेल तर भागाकार 10.3 येतो, म्हणजे 900 कसाच्या (हजारात 900 भाग शुद्ध) चांदीची घनता. सात-सव्वासात दाखवलं तर भागाकार साडेआठच्या आसपास येतो आणि ते पितळ किंवा जर्मन सिल्व्हर निघतं. आत लाकूड, राळ किंवा लोखंडी कांब असलेल्या वस्तूंना ही परीक्षा लागू नाही.

सराफाकडे यंत्रावर टंच काढून घेता येतो. ते यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं, एवढं ध्यानात ठेवा. सोन्याचा मुलामा असेल तर ते सोनं सांगेल. चांदीही आम्लात उजळलेली असेल तर पृष्ठभागावर कस जास्त दिसतो. तळाकडच्या न दिसणाऱ्या, झिजलेल्या जागी दोन-तीन ठिकाणी वाचन घ्यायला सांगा. तुघ्रा असलेल्या वस्तूंचा कस लिलावाच्या सूचीत सहसा 900 धरलेला असतो. प्रांतोप्रांतीच्या कारागिरीत तो खाली येतो.

पिवळी झाक दिसली म्हणून ‘सोन्याचा मुलामा दिलेली चांदी’ म्हणत विकली जाणारी पुष्कळ भांडी प्रत्यक्षात तोंबाक असतात: तांब्यावर पाऱ्याच्या साहाय्याने चढवलेलं सोनं. मुलामा झिजलेल्या कडांवर तांबूस रंग दिसतो. तोंबाक हलकं समजू नका, जुनं आणि चांगलं असेल तर साध्या चांदीहून महाग जातं. फक्त चांदीच्या नावावर घेऊ नका.

मग वस्तू कोणती, कुठली

इथे थोडं थांबण्यासारखं आहे, कारण भाव बराचसा इथे ठरतो.

उस्मानी घरात पाहुण्याचं आगतस्वागत कॉफी, सरबत, गुलाबपाणी आणि धूप यांवर चाले, आणि चांदीही त्याच्याच आगेमागे. बिनकानाचा कॉफीचा पेला ज्यात बसवत ते झार्फ, गुलाबदाणी, बुहुरदान म्हणजे धूपपात्र, हात धुवायचं इब्रिक आणि त्याखालचं तस्त, हमामात अंगावर पाणी घ्यायचा वाडगा, लेखनिकाच्या कमरपट्ट्यात खोचायचं कलमदान. यात इब्रिक आणि तस्त जोडीने, एकाच कारकिर्दीच्या शिक्क्यांसह मिळालं तर ती मोठी गोष्ट. झार्फ एकटं सहज मिळतं, सहाचा जुळलेला संच अवघड. मीनाकाम केलेली बरीच झार्फं जिनिव्हात तुर्की बाजारासाठी घडवलेली आहेत. ती उस्मानी कारागिरी नव्हे, पण कमी किमतीचीही नव्हेत.

गुलाबदाणी आणि अत्तरदाणी आपल्याकडे लग्नाकार्यात असतेच, त्यामुळे मराठी माणूस तिथे निर्धास्त होतो. नेमकं तिथेच चुकायला होतं. कच्छ, लखनौ किंवा जुन्या हैदराबाद संस्थानातल्या करीमनगरच्या तारकामाची गुलाबदाणी आकाराने उस्मानी गुलाबदाणीच्या इतकी जवळ जाते की नुसत्या आकारावरून पैज लावू नये. शिक्के बघा.

आरशांविषयी सविस्तर सांगायला हवं, कारण पर्यटक सर्वांत जास्त तेच घेतात. गोल आरसा, मागे फुलापानांचं भरगच्च उठावाचं काम, वर कडी. हे आरसे वधूच्या रुखवतात असत आणि भिंतीवर टांगताना चांदीची पाठ बाहेर ठेवत, म्हणून सगळी कारागिरी पाठीवर. पाठीच्या पातळ पत्र्यामागे बहुधा लाकडी फळी असते. म्हणजे किलोभर वजनाच्या आरशात चांदी दोन-अडीचशे ग्रॅमच असू शकते. ‘एवढं वजन, चांदीच्या भावातच देतो’ असं म्हणून अख्खा आरसा काट्यावर ठेवणारा दुकानदार तुम्हाला लाकूड आणि काच चांदीच्या दराने विकतोय. नवे आरसे अजूनही त्याच घाटाने बनतात. जुन्याच्या उठावातली उंच टोकं, म्हणजे गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा, हाताळून गुळगुळीत झालेल्या असतात आणि खोलगट भागात काळपट थर मुरलेला असतो. नव्या आरशात काळेपणा सगळीकडे सारखा, रंग दिल्यासारखा असतो. बोट ओलं करून घासलं तर कधी कधी बोटाला लागतो.

इस्तंबूलबाहेरच्या कामात पूर्व तुर्कस्तानातल्या व्हान शहराची चांदी वेगळी उठून दिसते. तिथल्या आर्मेनियन कारागिरांची सवात ही खासियत: चांदी, तांबं, शिसं आणि गंधक यांचं काळं मिश्रण कोरलेल्या रेषांत भरून भाजायचं, मग घासून सपाट करायचं. सिगारेटच्या डब्या, कमरपट्टे, काठ्यांच्या मुठी यांवर किल्ल्याची, मशिदींची चित्रं आणि पुष्कळदा ‘व्हान’ असं नाव. 1915 मध्ये आर्मेनियन लोकांच्या संहारात व्हानची ती वस्ती आणि तिथली कार्यशाळांची परंपरा उद्ध्वस्त झाली. आग्नेय तुर्कस्तानातल्या मार्दिन-मिदयातची तेलकारी म्हणजे सिरियाक ख्रिस्ती कारागिरांचं तारकाम. ते आजही चालू आहे, म्हणून नव्याला जुनं म्हणून खपवणं सोपं. बाल्कनमध्ये प्रिझ्रेन आणि योआनिना ही चांदीकामाची नावाजलेली ठिकाणं. या प्रांतिक कामावर तुघ्रा नसणं स्वाभाविक आहे, तेवढ्यावरून नकली ठरवू नका.

शैलीवरून काळ ठरवणं हे शेवटचं साधन, पहिलं नव्हे. तरी ढोबळ अंदाज असा: सोळाव्या शतकात ट्यूलिप, कार्नेशन आणि बरीच मोकळी जागा. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर युरोपीय वळणाच्या वेलबुट्ट्या. एकोणिसाव्यात हार, फुलांच्या परड्या, सूर्यकिरणं. उत्तरार्धात नक्षी इतकी दाट की श्वास घ्यायला जागा नाही. सोळाव्या-सतराव्या शतकाची वस्तू कुणी स्वस्तात देऊ केली तर हात जोडून निघा. युद्धकाळात टांकसाळीला चांदी लागली की घरोघरची आणि राजवाड्यातलीही भांडी वितळवली जात. जुनी चांदी त्यामुळेच इतकी थोडी उरली आहे.

लबाडी कुठे असते

शिक्का ठोकलेला असतो, ओतलेला नव्हे. खऱ्या शिक्क्याच्या कडा भिंगाखाली धारदार दिसतात, ठोक्याने धातू किंचित दबलेला असतो आणि पातळ पत्र्याच्या मागच्या बाजूला त्याचा उंचवटा बोटाला जाणवतो. साच्यातून ओतलेल्या नकलेत कडा मऊ, आत बारीक खड्डे. दुसरी युक्ती म्हणजे मोडक्या जुन्या वस्तूचा शिक्क्याचा तुकडा कापून नव्या भांड्याच्या तळाला डाक देऊन बसवणं. तळावर तोंडाने वाफ सोडा, वाफ विरताना डाकाची रेघ वेगळी दिसते.

झाकण, मान, बूड, प्रत्येक सुट्या भागावर शिक्का शोधा. बूड अब्दुलअझीझचं आणि झाकण अब्दुलहमीदचं असेल तर दोन अर्धवट वस्तूंचा संसार थाटलेला आहे. फिरवून बसणाऱ्या भागांचे आटे जुळतात का ते पाहा. शिशाच्या करड्या डाकाने केलेली दुरुस्ती किंमत बरीच पाडते. नाव घासून काढलेली जागा पत्रा पातळ झाल्याने बोटाखाली दबते.

इंग्रजी आकड्यांत 900 किंवा 800 आणि लॅटिन लिपीतलं नाव असलेली तुर्की वस्तू बहुधा प्रजासत्ताकाच्या काळातली. तुर्कस्तानात लॅटिन लिपी 1928 मध्ये आली. अरबी आकड्यांत 90 किंवा 80 आणि शेजारी मांजर किंवा कमळ असेल तर ती विसाव्या शतकातली इजिप्तची चांदी. ती उस्मानी म्हणून सर्रास विकतात.

आणि गोष्टी. आपल्याकडे एक गोष्ट विशेष खपते: ‘निजामाच्या तुर्की सुनेच्या सामानातली’. त्यामागे खरा इतिहास आहे. शेवटचा खलिफा अब्दुलमजीद दुसरा याची मुलगी दुर्रुशेहवार हिचं लग्न 1931 मध्ये नीस इथे निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याच्याशी झालं, आणि खलिफासाठी बांधलेली, पण कधीच न वापरलेली कबर मराठवाड्यात खुलताबादेजवळ आहे. पण इतिहास खरा असला म्हणून चोरबाजारातली साखरदाणी त्या सामानातली ठरत नाही. यादी, पत्र, जुना फोटो, लिलावाची पावती, यांपैकी काहीच नसेल तर त्या गोष्टीचे पैसे देऊ नका.

मोल ठरवणं

खालून वर जायचं. सर्वांत खाली मोडीचा भाव: वर जी 463 ग्रॅमची साखरदाणी घेतली तिच्यात 900 कसाने शुद्ध चांदी साधारण 417 ग्रॅम. त्या दिवसाच्या दराने गुणा. हा तळ. कुणी याहून खूप कमी मागत असेल तर तो अडाणी असण्यापेक्षा वस्तू चांदीची नसण्याची शक्यता जास्त.

त्यावर काय चढतं? माझ्या मते या क्रमाने: स्पष्ट वाचता येणारे शिक्के, न दुरुस्त केलेली स्थिती, वस्तूचा प्रकार, मग कारकीर्द. बरेच जण कारकीर्द पहिली धरतात, पण महमूद दुसऱ्याच्या काळातल्या ठिगळ लावलेल्या तबकापेक्षा अब्दुलहमीदच्या काळातलं निर्दोष, सगळे भाग जुळणारं बुहुरदान पुढे विकायला सोपं जातं. अब्दुलहमीदच्या तुघ्रेचा माल भरपूर आहे, त्यामुळे त्यातल्या साध्या वस्तूला मोडीच्या अनेक पट देण्याची गरज नाही.

तुलनेसाठी दुकानातल्या चिठ्ठ्या नकोत, लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत बघा. सदबीज, क्रिस्टीज, बॉनहॅम्स यांचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर दिसतात. दाखवलेल्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय की नाही ते पाहा, त्याने बराच फरक पडतो. तुर्की लिलावांचे लिरातले जुने आकडे आज जसेच्या तसे कामाचे नाहीत. लिरा इतका घसरलाय की त्या तारखेच्या दराने डॉलरमध्ये बदलल्याशिवाय तुलना होत नाही. आणि वस्तूचा सारखेपणा प्रकार, कारकीर्द, वजन, स्थिती या चारही बाबतींत हवा. नजर तयार करायला इस्तंबूलमध्ये सदबर्क हानिम संग्रहालय आणि टोपकापी राजवाडा, लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, अथेन्सला बेनाकी. खरेदीच्या आधी जा, नंतर नव्हे.

घेण्याआधी कागद

तुर्कस्तानातून जुनी सांस्कृतिक वस्तू बाहेर नेण्यावर 1983 च्या 2863 क्रमांकाच्या कायद्याने कडक बंधनं आहेत. विमानतळावर अडकलेल्या पर्यटकांना अटकही झालेली आहे. दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: ही वस्तू नेता येईल असं संग्रहालयाचं लेखी पत्र देता का, आणि बिलावर वय, धातू आणि वजन लिहिता का? ‘काही होत नाही, सामानात टाका’ असं उत्तर आलं तर वस्तू खाली ठेवा. खुद्द दुकानदारच ‘ही नवी आहे, बिनधास्त न्या’ म्हणाला तर निदान किंमत तरी नव्याची द्या. भारतात आणताना चांदीवरच्या सीमाशुल्काची चौकशी निघण्याआधी करा, आणि एकदा आणलेली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुन्हा देशाबाहेर पाठवायची झाली तर 1972 चा पुरावशेष कायदा आड येतो, हेही जाणून ठेवा. परदेशातल्या मुलांना पुढे देण्याचा विचार असेल तर ती तिकडेच घेऊन तिकडेच ठेवणं सोयीचं.

घरी आल्यावर प्रत्येक शिक्क्याचा तिरप्या उजेडात जवळून फोटो, वजन, मापं आणि बिल एकत्र ठेवा. तांब्या-पितळेची पावडर, चिंच, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड पुरे. सवातकामाला आणि मुलाम्याला तर तेवढंही बेताने.